एका आण्याचा हिशेब

नगर जिल्ह्यातल्या मुसलमानांचा इतिहास म्हटला की बोलणं ठरलेल्या वाटेनं जातं. १४९० साली अहमद निझामशहानं बहमनींपासून फारकत घेतली. शहर वसलं, भुईकोट किल्ला झाला. १५९५-९६ मध्ये चांदबिबी मोगलांच्या वेढ्यात ठामपणे उभी राहिली. मलिक अंबरनं निझामशाही सावरून धरली. १६३६ साली ती बुडाली. तिथून आपण थेट १९४२ वर उडी मारतो: मौलाना आझाद किल्ल्यात कैदेत होते, तिथंच त्यांनी ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं लिहिली. २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तेव्हाही दोन्ही बाजूंच्या गप्पा सुलतान, सरदार आणि इमारती यांच्याभोवतीच फिरत होत्या.

१६३६ ते १९४२ म्हणजे तीनशे वर्षं. या काळात गावोगावचे शेख, सय्यद, पठाण, मुलाणी, तांबोळी, पिंजारी, बागवान काय करत होते? त्यांच्यात कुणी सुलतान नव्हता. ते शेती करत होते, बाजार करत होते, सारा भरत होते. त्यांचा माग काढायचा तर किल्ल्यापेक्षा दप्तर बरं. त्यातही मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते सगळ्यात कंटाळवाणं दप्तर, म्हणजे लोकल बोर्डाच्या आणि पुढे जिल्हा परिषदेच्या सभांचं. रस्त्याची दुरुस्ती, कोंडवाड्याचं उत्पन्न, शाळेचं भाडं, मास्तरची बदली. या कामकाजाकडे इतिहास म्हणून कुणी पाहत नाही. माझं म्हणणं असं की आपल्या जिल्ह्यातल्या सामान्य माणसाचा, आणि त्यात सामान्य मुसलमानाचा, सरकारी पैशावरचा हक्क याच कामकाजातून उभा राहिला.

सुरुवात एका आण्यापासून करू. मुंबई इलाख्यात १८६३ पासून ‘लोकल फंड’ गोळा होऊ लागला आणि १८६९ च्या कायद्यानं तो पक्का झाला. पद्धत सोपी होती. शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागं एक आणा जादा द्यायचा, म्हणजे सोळावा हिस्सा. जमलेल्या रकमेचे दोन भाग रस्ते, पाणी, धर्मशाळा, दवाखाने अशा कामांना आणि एक भाग शिक्षणाला. ज्याचा सारा सोळा रुपये, त्याच्याकडून लोकल फंडाला एक रुपया जाई. त्या रुपयातले पाच आणे चार पै शाळेचे.

या पट्टीखेरीज फंडाला इतर लहान उत्पन्नंही होती: टोलनाके, नदीवरच्या नावा, कोंडवाडे, मुसाफिरांचे बंगले, शाळेची फी. म्हणजे ज्याच्याकडे वीतभर जमीन नव्हती तोही फंडाबाहेर नव्हता. माल घेऊन बाजाराला निघालेल्या गाडीनं टोल भरला, चुकार म्हैस सोडवायला कुणी कोंडवाड्यात दंड भरला, की तो पैसा याच हिशेबात जमा व्हायचा. पैसे घेताना धर्म विचारला जात नव्हता.

खर्च ठरवणारे मात्र मोजके होते. जिल्ह्याच्या लोकल फंड कमिटीत कलेक्टर, त्यांचे असिस्टंट आणि डेप्युटी, एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर, मामलेदार असे सरकारी लोक बसत. बिनसरकारी म्हणून एखाद्या इनामी गावाचा मालक आणि सहा जमीनदार. ज्याच्या साऱ्यातून आणा जात होता त्या कुळाला तिथं जागा नव्हती.

तो काळही बिकट होता. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकरी सावकारांवर उठले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. आपल्याकडे पारनेर, श्रीगोंदा भागातल्या गावांत शेतकऱ्यांनी कर्जरोखे हिसकावून जाळले. पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ आला. ज्या साऱ्याच्या ओझ्यानं शेतकरी सावकाराच्या दारात गेला, त्याच साऱ्यावर हा आणा मोजला जात होता.

याचा जाब विचारणारा माणूस पुण्यात होता. १८८२ साली हंटर यांच्या अध्यक्षतेखालचं शिक्षण कमिशन आलं, तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्यांच्यापुढं लेखी निवेदन ठेवलं. सरकारी तिजोरी कष्टकरी रयतेच्या घामावर भरते आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गाला मिळतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा आपण ऐकलेला असतो. त्याच निवेदनात एक हिशेबी मागणी आहे, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही: लोकल फंडाचा निम्मा हिस्सा फक्त प्राथमिक शाळांना द्या. एक तृतीयांशाऐवजी निम्मा. म्हणजे रुपयातले पाच आणे चार पै नव्हे, आठ आणे. फुल्यांना फंडाची वाटणी नेमकी ठाऊक होती आणि भांडण कुठं करायचं तेही. मुसलमान मुलं या शाळांपासून दूर राहतात आणि त्यांच्या भाषेत शिकवणाऱ्या शाळा थोड्या आहेत, याचीही नोंद त्यांनी तिथं केली आहे.

हंटर कमिशननं मुसलमानांच्या शिक्षणाबद्दल वेगळ्या शिफारशी केल्या. त्यांतली पहिलीच मला फार महत्त्वाची वाटते. मुसलमानांच्या शिक्षणाला खास उत्तेजन देणं हा लोकल, म्युनिसिपल आणि प्रांतिक फंडांवरचा रास्त खर्च समजावा, असं त्यात म्हटलं होतं. आणखी एका शिफारशीत मुसलमानांच्या प्राथमिक शाळांचं माध्यम, स्थानिक मुसलमानांना दुसरी भाषा हवी असेल ते सोडून, हिंदुस्तानी असावं असं सुचवलं होतं. पहिल्या वाक्यातला ‘रास्त खर्च’ हा मुद्दा बारकाईनं पाहा. तो खर्च दानधर्मातला नाही आणि कुणा नवाबाची मेहेरबानीही नाही. ज्या फंडात तुमचाही आणा आहे, त्यातला तो तुमचा वाटा आहे.

त्याच वर्षी, मे १८८२ मध्ये, लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव काढला आणि १८८४ साली मुंबई इलाख्यासाठी लोकल बोर्डांचा कायदा झाला. जिल्ह्याला जिल्हा लोकल बोर्ड, तालुक्याला तालुका लोकल बोर्ड. काही सभासद निवडून येऊ लागले. १९२३ च्या नव्या कायद्यानं बोर्डांत लोकांनी निवडलेल्या सभासदांचा वरचष्मा झाला. जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘बोर्डाची शाळा’, ‘बोर्डाचा दवाखाना’ असे शब्द येतात, ते या काळातले.

आता अशा बोर्डापुढं उर्दू शाळेचा विषय कसा येतो ते पाहा. गावातली चार माणसं अर्ज करतात. मुलं किती आहेत याची यादी जोडावी लागते. शिक्षण खात्याचा इन्स्पेक्टर येऊन पाहतो आणि अहवाल देतो. जागा कोण देणार? मशिदीचा ओटा, कुणाचा वाडा की भाड्याची खोली? उर्दू येणारा मास्तर मिळणार कुठून? पगार कोणत्या बाबीतून? मग कधीतरी हा विषय सभेच्या यादीवर येतो. त्याच्या वर एखाद्या फरशी पुलाचं काम असतं आणि खाली धर्मशाळेच्या कौलांचं. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव मंजूर. दोन ओळींत काम संपतं.

त्या दोन ओळींचं मोल केवढं? १९०९ च्या सुधारणांनी कायदेमंडळात मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ आणले. त्यावर भाषणं झाली, लेख लिहिले गेले, पुढच्या फाळणीपर्यंतचा धागा अभ्यासक तिथून काढतात. पण शेवगाव-जामखेडकडच्या एखाद्या मुलीला अलिफ-बे शिकवणारा मास्तर मिळणं हे त्या भाषणांवर अवलंबून नव्हतं. ते या दोन ओळींवर अवलंबून होतं. सूचक आणि अनुमोदक दोघेही मुसलमान असण्याची गरज नव्हती. मराठा, माळी, ब्राह्मण सभासदांच्या हात वर करण्यानंच असे ठराव व्हायचे, कारण सभागृहात बहुमत त्यांचं असायचं. एका समाजानं दुसऱ्या समाजाच्या मुलांच्या पगारी मास्तरला मंजुरी द्यायची आणि त्याचा गाजावाजा नसायचा. आपल्या सामाजिक इतिहासातली ही गोष्ट मला भाषणांतल्या भाईचाऱ्यापेक्षा जास्त खरी वाटते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. ठराव झाला म्हणजे काम झालं असं नसतं. सगळ्यात मोठं उदाहरण पाण्याचं आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला: सरकारी पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. सरकारनं खात्यांना आदेश दिले, बोर्डांना आणि म्युनिसिपालट्यांना कळवलं. अंमलबजावणी होत नाही असं दिसल्यावर, न ऐकणाऱ्या संस्थांचं अनुदान रोखावं असा ठराव बोले यांनी १९२६ साली पुन्हा मांडला. कुलाबा जिल्ह्यातल्या महाड म्युनिसिपालटीनं १९२४ मध्ये चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला होता. तो कागदावरच राहिला. मार्च १९२७ मध्ये डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं तळ्यावर गेली, पाणी प्याली आणि नंतर मार खाल्ला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये म्युनिसिपालटीनं आपला ठराव फिरवला. कोर्टात प्रकरण चाललं आणि १९३७ साली हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूनं लागला.

महाडची गोष्ट आपण सत्याग्रहाची म्हणून शिकवतो आणि ते बरोबरच आहे. मात्र त्या सत्याग्रहामागं इतिवृत्तातली एक नोंद उभी होती. ‘तुम्हीच मंजूर केलंत, आता द्या’ असं म्हणता आलं, कारण ठराव लिहिलेला होता. विरोधकांनाही तो नुसता विसरून चालला नाही, सभा भरवून रद्द करावा लागला. कागदाला एवढी किंमत असते.

स्वातंत्र्यानंतर बळवंतराय मेहता समितीनं १९५७ मध्ये पंचायत राज्याचा आराखडा दिला. आपल्या राज्यात वसंतराव नाईक समिती बसली, १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. बोर्डाच्या शाळा जिल्हा परिषदेच्या झाल्या. आपला जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा. आज त्यात चौदा तालुके आहेत आणि २०१७ च्या निवडणुकीत जिल्हा परिषदेचे ७३ सदस्य निवडून आले. अकोल्याच्या डोंगरातला रस्ता आणि जामखेडच्या टोकाची अंगणवाडी एकाच सभागृहात बोलायची. स्थायी, अर्थ, बांधकाम, शिक्षण, आरोग्य, कृषी, समाजकल्याण अशा समित्या, आणि तीन महिन्यांतून एकदा तरी सर्वसाधारण सभा.

मी दोन भाषा शिकवतो, त्यामुळं या सभेच्या भाषेकडे माझं लक्ष जातं. ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा पहिला विषय. यातलं ‘इतिवृत्त’ संस्कृत, ‘कायम’ अरबी. ‘जमाखर्चास मंजुरी’ यात जमा आणि मंजुरी अरबीतून आलेले, खर्च फारसीतून. ‘अंदाजपत्रक’ हा शब्द अर्धा फारसी आणि अर्धा संस्कृत. सगळ्यात गंमत ‘ऐनवेळचे विषय’ याची: ऐन अरबी, वेळ मराठी, विषय संस्कृत. हजर, गैरहजर, तारीख, मुदत, रक्कम, अर्ज, दुरुस्ती, नामंजूर हे शब्द काढले तर सभा चालणार नाही. छत्रपती शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, पुढे सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ झाली. तरी हे शब्द टिकले, कारण ते रोजच्या कामाचे होते. मुलांना मी सांगतो की उर्दू आणि मराठी कुठं भेटतात ते पाहायचं असेल तर जिल्हा परिषदेचा एखादा ठराव वाचा.

हे सगळं जुनं झालं, आज याचा काय उपयोग, असं कुणी म्हणेल. त्याला मी आमच्या नागापूरकडे बोट दाखवीन. सीना नदीकाठचं हे गाव आज महापालिकेच्या हद्दीत आहे. नगरची महापालिका २००३ सालची. शेजारचं नवनागापूर ग्रामपंचायतीत, म्हणून पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेकडे. मध्ये औद्योगिक वसाहत. कारखान्यांमुळं बाहेरगावची, परप्रांतातली कुटुंबं इथं राहायला आली. खोली बदलली की माणूस नकळत एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जातो. पालक मला विचारतात, ‘सर, पोरांना उर्दू शिकवायला शिक्षक नाही, सांगायचं कुणाला?’ मी आधी विचारतो, ‘तुमचं घर कुठल्या हद्दीत येतं?’ पुष्कळांना ते ठाऊक नसतं. नगरसेवक ठाऊक असतो, आमदार ठाऊक असतो, पण शाळा कुणाची आणि तिचा पैसा कुठल्या सभेत मंजूर होतो हे कुणी सांगितलेलंच नसतं.

मग मी म्हणतो, अर्ज करा. मुलांची नावं, वय, इयत्ता लिहा, सह्या घ्या, पोच घ्या. अर्जात संविधानाच्या ३५०-क या कलमाचा उल्लेख करा. १९५६ साली सातव्या दुरुस्तीनं आलेलं हे कलम भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून पुरेशा सोयी करण्याचं काम राज्यावर टाकतं. आणि त्यात राज्याबरोबर ‘प्रत्येक स्थानिक प्राधिकरण’ असे शब्द आहेत. म्हणजे महापालिका आली, जिल्हा परिषद आली. हंटर कमिशनच्या लोकल फंडापासून सुरू झालेली वाट अशी संविधानापर्यंत येते. काही पालक अर्ज करतात. काहींना वाटतं, आपण मागितलं तर लोक काय म्हणतील, तुष्टीकरण म्हणतील. त्यांना मी एका आण्याची गोष्ट सांगतो. शेतसारा कमी झाला असेल, पण त्यावर जिल्हा परिषदेचा आणि ग्रामपंचायतीचा उपकर आजही आहे. घरपट्टी आहे, पाणीपट्टी आहे. आपण पैसे भरणारे लोक आहोत आणि हिशेब विचारणं हे भरणाऱ्याचं काम आहे.

पण हिशेब विचारायला सभा तर हवी. मार्च २०२२ मध्ये आपल्या जिल्हा परिषदेच्या सदस्यांची मुदत संपली. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण व्हावी असं संविधानाचं २४३-ङ हे कलम सांगतं. आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, निवडणुका पुढं पुढं गेल्या आणि वर्षानुवर्षं कारभार प्रशासकाकडे राहिला. कामं थांबली नाहीत, हे मान्य. रस्ते होतात, बिलं निघतात, पगार होतात. ठरावही होतात. फक्त सूचक आणि अनुमोदक राहिले नाहीत. प्रस्ताव मांडणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा एकच. ‘आमच्या गावच्या शाळेत दोन वर्षांपासून शिक्षक का नाही?’ असं उभं राहून विचारणारा कुणी नाही आणि ते लिहून घेणारं इतिवृत्तही नाही. १८६९ च्या कमिटीत कलेक्टरबरोबर निदान सहा जमीनदार तरी बसायचे.

या रिकाम्या खुर्च्यांचं दुःख फारसं कुणाला झालेलं दिसलं नाही. शहराच्या नावावर मोर्चे निघाले, त्या मानानं यावर किती बोललं गेलं? मला वाटतं, इतिहास शिकताना आपण सुलतान आणि सरदार शिकलो, सभा शिकलोच नाही, त्याचा हा परिणाम आहे. राजा गेला की आपल्याला कळतं. सभासद गेला तर कळत नाही.

आपल्या समाजातल्या तरुणांना निझामशाहीचा अभिमान जरूर असावा. सलाबतखानाच्या कबरीला चांदबिबीचा महाल म्हणू नये, एवढी माहितीही असावी. पण ‘या जिल्ह्यात तुमचं काय आहे?’ असं कुणी विचारलं, तर उत्तर द्यायला किल्ल्यापर्यंत जायची गरज नाही. पणजोबांनी भरलेला सारा आहे, त्यातून बांधलेला रस्ता आहे, त्या रस्त्यानं शाळेत गेलेली आजी आहे. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. ग्रामपंचायतीत असाल तर मासिक सभेचं इतिवृत्त मागा, महापालिकेत असाल तर महासभेचं. आपल्या शाळेची, आपल्या रस्त्याची ओळ त्यात शोधा. सापडली तर मुलांना वाचून दाखवा. सापडली नाही तर अर्ज लिहायला बसा. मराठीत लिहा, उर्दूत लिहायचा असेल तर मराठी प्रत जोडा, आणि पोच घ्यायला विसरू नका.